गलबताचा परवाना

मस्कतला कुरुममध्ये आमचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. आमचं म्हणजे अर्बाबचं, मालकाचं. मी तिथलं बारा वर्षांचं जुनं खोड. येत्या जानेवारीत दुकान बंद करतोय, असं त्याने सांगितलं तेव्हा मुलगी दहावीत होती. परीक्षा मार्चमध्ये. माझा व्हिसा गेला की तिचा आणि बायकोचाही जाणार. बरका गावातलं एक दुकान मला कामावर घ्यायला तयार होतं, पण त्यासाठी अर्बाबच्या सहीची एनओसी, ना-हरकत पत्र, हवी. ती नसेल तर दोन वर्षं ओमानचं नाव काढायचं नाही.

शेवटचं काम आलं ते एका प्रदर्शनाच्या फलकांचं. मस्कत पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं, तेव्हाचा व्यापार. मी रेवदंड्याचा. पोर्तुगिजांच्या कोटातच आमची वाडी, त्यांच्या तटाला आम्ही म्हैस बांधायचो. पण त्या काळी आखातातले घोडे आमच्या चौलला उतरायचे, हे मला फलक रंगवताना कळलं. गलबताला पोर्तुगिजांचा परवाना लागे. नाखवा कोण, माल काय, जाणार कुठे, सगळं त्यावर लिहिलेलं. परवाना नसला की गलबत जप्त.

त्या परवान्याची मोठी नक्कल मी रंगवली होती. अर्बाब बघायला आला आणि वाचून खरोखर हळहळला. आपल्याच समुद्रात जायला परक्याची परवानगी, म्हणाला. मला वाटलं, हीच वेळ. खिशातलं एनओसीचं पत्र सहीसाठी पुढे केलं, परीक्षेचं सांगितलं, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

त्याने पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "तुम मेरा कस्टमर बरका लेके जाएगा."

"अर्बाब, दुकान तो बंद हो रहा है."

"बाद में मेरा लड़का खोलेगा. खलास."

मग फलकाकडे बोट दाखवून म्हणाला, सहीची जागा रिकामी वाईट दिसते, काहीतरी काढ. रागाने डोकं फुटायची वेळ आली होती, तरी पोर्तुगीज कप्तानाची झोकदार सही मीच ठोकली. अर्बाब खूश.

घरी मुलगी फ्रिजवर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवत होती. "बाबा, फर्स्ट पेपरला तुम्ही मला ड्रॉप करणार ना?"

हो म्हणालो. ती झोपल्यावर रद्दीच्या कागदावर अर्बाबची सही काढून पाहिली. हुबेहूब आली. ती पत्रावर उतरवायची छाती मात्र झाली नाही. जानेवारीत आम्ही तिघं रेवदंड्याला परतलो आणि पोरीचं वर्ष बुडालं. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.