माझी मोठ्याने केलेली प्रार्थना

ओल्या सतरंजीचा वास आला की मला भंडारदऱ्याचं शिबिर आठवतं. नगरच्या आमच्या चर्चच्या तरुण संघाचा मी तेव्हा पुढारी होतो. संघात पेटी वाजवणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, पप्पा परत प्यायला लागलेत. कुणाला बोलू नका हं." तिचे वडील मंडळीचे पंच, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मानकऱ्यांपैकी एक होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला धरणावरचं धुकं खोलीत शिरत होतं, सगळे डोळे मिटून बसले होते, आणि मी मोठ्याने म्हणालो, "प्रभू, आमच्या एका बहिणीच्या पंच वडिलांची दारू सोडव." पंचाची मुलगी तिथे एकच होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आयला, पंच पितात व्हय?" आमेन झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, "दादा, देवाला मी रोज सांगतच होते की." मग बॅग उचलून ती राजूरच्या जीपमध्ये बसली आणि संघात पुन्हा आली नाही. खरं सांगतो, पोरं माझ्यापाशी मन मोकळं करतात हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. त्याची माफी मी देवाकडे पुष्कळदा मागितली. तिला फोन करून मागायला मात्र अजून जीभ रेटत नाही.