बेटाच्या नावाचे नाणे

बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. नातीचे होणारे आजेसासरे गडमुडशिंगीहून आमच्या घरी आले. लग्न ठरून आठवडाच झाला होता. त्यांनी माझ्या हातात निळी मखमली पेटी ठेवली. आत प्लास्टिकच्या गोल डबीत चांदीचे नाणे होते. एका बाजूस रंगीत समुद्री कासव, दुसऱ्या बाजूस परदेशी राजाचा चेहरा आणि प्रशांत महासागरातील एका चिमुकल्या बेटाचे नाव.

"पावणं, दोन डॉलर लिवलंय त्येच्यावर. पर तिथं ह्यानं कांदाबी मिळत न्हाय म्हणं," ते हसत म्हणाले. "नुसतं ठेवून बघायचं."

मी बेचाळीस वर्षे गुजरीच्या सराफ पेठेत चांदीचे काम केले. चांदी हाती आली की आधी कस, मग बोलणे. त्या दिवशीही हात थांबला नाही. मी डबी उघडली, फळीवरचा कसोटीचा दगड ओढला आणि नाण्याची कड त्यावर घासली. रेघ पांढरी उठली. मान वर केली तेव्हा ते उभे राहिले होते.

"खोटं देतोय व्हय आमी?" ते म्हणाले. "मग आमचा पोरगाबी घासून बघा की!"

चहा न घेता ते गेले. नातीने त्यांच्यासाठी आणलेला कप तसाच आत नेला.

दुपारभर नाणे समोर ठेवून बसलो. सोबतच्या कागदावर लिहिले होते की ते युरोपातील एका टांकसाळीत पाडले आहे. बेटावरच्या किती माणसांनी ते पाहिले असेल? त्यांनी केवळ नाव दिले. आम्हा कारागिरांचे उलटे होते. दागिना आमच्या हातचा, छाप पेढीवाल्याचा. छाप पाहून निर्धास्त होणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मनात हसत असे. पण हे नाणे विकायला आलेले नव्हते. देणारा समोर बसला होता आणि मी दगडाला विचारले. कडेवरचा ओरखडा आता जाणार नव्हता.

चार वाजता रिक्षाने गडमुडशिंगीला गेलो. ते गोठ्यापुढे बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो, "चूक माझी. धंद्याची खोड हाय. तुमच्यावर संशय नव्हता. पोरीच्या लग्नावर राग काढू नका."

ते उठून म्हशीपुढे वैरण टाकून आले. मग विचारले, "निघाली का खरी?"

"खरी हाय."

"बरं झालं. मोबाईलवरनं मागवलेली, मलाबी धाकधूक हुतीच की!" आणि घरात तोंड करून बायकोला ओरडून म्हणाले, "अगं, च्या टाक! आन् तुजं तुटकं पैंजण आण. व्याही रिकामं बसल्यात. लग्नात घालशील."

मी पकड मागून घेतली आणि पैंजणाची उघडलेली कडी आवळून दिली.