भोंग्यातला आवाज

अक्का मंगळवारी गेली. दहा वाजता तिच्या लेकाचा फोन आला, आणि बारा वाजता मी सेनगावच्या एस.टी.त बसले.

अक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भेटायला येणारी माणसं तिच्या कष्टांबद्दल बोलतात, शेवटच्या आजाराबद्दल बोलतात. मी ऐकून घेते. मला मात्र सारखी एक दुपार आठवते.

सत्तरनंतरची ती वर्षं. आमचं गाव कळमनुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. वीज आलेली नव्हती. लग्नात, बारशात, जयंतीला गावचा भोंगेवाला बॅटरी, चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी घेऊन यायचा. त्या पेटीत एका गायन पार्टीच्या चार तबकड्या होत्या. भोंगा लिंबावर चढला की अक्का हातातलं काम तसंच ठेवून अंगणात जायची. चारही तबकड्यांच्या दोन्ही बाजू तिला पाठ होत्या. गायकाचा आवाज बारीक, चढा आणि चाल अशी पळती की तबकडीबरोबर गाताना आम्हाला धाप लागायची. अक्काच्या सगळ्यात आवडत्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी ‘चिक’ असा आवाज यायचा. तबकडीवर चरा असेल असं आम्ही धरून चाललो होतो, आणि गाताना तो ‘चिक’सुद्धा म्हणायचो.

अक्काचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी ती पार्टी जयंतीला आमच्याच गावात यायची ठरली. रात्री त्यांचा नांदेडला कार्यक्रम होता, म्हणून आमच्याकडे दुपारी चारला. अक्काच्या सासूने आधी नाही म्हटलं. मग बाबा स्वतः गेले आणि एका दिवसाच्या बोलीवर तिला घेऊन आले. सासरी तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ती पार्टी आपल्याला पाठ आहे. नणंद म्हणाली होती, “जाऊन या वैनी, पार्टीवाले तुमचीच वाट पाहून राहिले.”

चारला जीप आली. मांडवात आम्ही बायकांच्या बाजूला, अगदी पुढे बसलो. पेटी, ढोलकी, झांज, मागे साथीला दोघे. गायक म्हणजे एक जाडसर, घामाघूम गृहस्थ. त्यांनी सूर धरला आणि अक्काने माझ्याकडे पाहिलं.

आवाज जड होता. चाल संथ होती. शब्द तेच, पण माणूस दुसराच वाटत होता.

मागून कुजबुज सुरू झाली. “हा तो न्हाईच बे.”

“डुप्लिकेट धाडला आपल्याकडं.”

कुणीतरी मोठ्याने विचारलं, “ओ गायक, जेवून न्हाई आलात का?”

गायकांनी पेटी थांबवली. “जेवलो बाबा, तुमच्याच गावात जेवलो. तिखट लई होतं.”

लोक हसले, पण मागची माणसं उठायला लागली होती. गायकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं गाणं धरलं. ते नेमकं अक्काचं होतं. अक्का मान खाली घालून बसली होती. “एवढ्यासाठी आले का गं मी?” ती मला म्हणाली.

पहिला अंतरा संपला. गायकांनी ढोलकीवाल्याकडे मान वळवली आणि घशातून हलकेच ‘हां’ म्हटलं. ढोलकीने उचल घेतली आणि दुसरा अंतरा सुरू झाला.

अक्काने माझं मनगट गच्च धरलं. “चिक,” ती म्हणाली. “ते चिक हाय!”

आणि ती उभी राहिली. सासुरवाशीण पोर, डोक्यावर पदर, भर मांडवात. “ओ, बसा ना सगळे! हेच हाईत ते. आपला भोंगा पळतो!”

गाणं थांबलं. भोंगेवाला बॅटरीजवळून उठला. “माझ्या मशिनीला काहून नावं ठेवून राहिली गं?”

“तुमची मशीन तबकडी पळवते काका. मान्सं एवढी पळत न्हाईत.”

भोंगेवाल्याने डोकं खाजवलं. चावी उतरत आली की गाणं रडायला लागायचं, म्हणून त्याने वेगाचा खटका कायमचा पुढे सरकवून ठेवला होता. ते त्याने तिथेच कबूल केलं; त्या वेगात गायकांचं ‘हां’ आम्हाला ‘चिक’ असं ऐकू यायचं. मांडवात असा हशा उठला की उठलेली माणसं आपोआप खाली बसली. गायकही डोळे पुसून हसत होते. “बाई, तुमच्यासाठी पहिल्यापासून म्हणतो,” ते म्हणाले.

त्यांनी ते पहिल्यापासून म्हटलं. ढोलकीचा ठोका आमच्या खालच्या सतरंजीतून अंगात येत होता. इतकी वर्षं ऐकलेलं गाणं समोरच्या माणसाच्या छातीतून निघतं, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, हे मी पहिल्यांदा पाहत होते. अक्का त्यांच्याबरोबर गाऊ लागली आणि सवयीने पुढे गेली. थांबली. पुन्हा मागे आली. दुसऱ्या अंतऱ्यापासून ती त्यांच्या चालीने गात होती, तोंडभर, मधे पुरेसा श्वास घेत. तिचा चेहरा मी तसा पुन्हा फारसा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तिला सासरी पोचवलं.

त्या दिवशी मांडवात पुढे बसलेल्या आम्हा दोघींपैकी आता मी एकटीच आहे. त्या गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी मला आठवत नाहीत. त्या तिला येत होत्या.