समयीच्या उजेडातला फोटो

महालक्ष्म्या घरी येऊन खरोखर जेवून जातात, याचा फोटो मी काढलेला आहे.

असा फोटो साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणापाशी नसावा. तरी मी तो आपणहून कुणाला दाखवत नाही. का, ते कळेलच.

मी भातकुलीच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि राहतो अमरावतीला. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सहकाऱ्याने आपला कॅमेरा काढून टाकला आणि मी तो घेतला. देताना त्याचा चेहरा फार आनंदी होता. तिथंच मला कळायला हवं होतं. दिवसाउजेडी तो कॅमेरा शहाण्यासारखा वागायचा. ऊन असलं की माझ्यासारख्याच्या हातूनही बरा फोटो निघायचा. पण दिवेलागण झाली की त्याचं डोकं फिरायचं. सगळं काळं, नाहीतर सगळं हललेलं.

मी जिद्दीला पेटलो. व्हिडिओ पाहून पाहून दोनशे पानी वही भरायला घेतली. कमी उजेडात फोटो काढायचा तर तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, भिंगाचं भोक. भोक जितकं मोठं तितका उजेड जास्त. पण भोक मोठं झालं की त्याचा आकडा लहान होतो! (वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाचा एवढा अपमान आमच्या नववी 'ब'नेसुद्धा कधी केला नाही.) दुसरी, आयएसओ. ते वाढवलं की अंधारातलं दिसतं, पण फोटोभर तुरीची चुरी सांडल्यासारखे दाणे उमटतात. तिसरी, शटर. ते जितका वेळ उघडं ठेवाल तितका उजेड आत येतो. अट एकच, समोरच्यानं हलायचं नाही.

आता न हलणारं माणूस आणायचं कुठून? मी बायकोला, वर्षाला, स्वयंपाकघरात गाठलं. मोठा दिवा बंद केला, मेणबत्ती लावली.

"हलू नको. फक्त दोन सेकंद."

"पोळी जळून राहिली माही."

"जळू दे."

"मंग जेवाल काय? फोटो?"

त्या फोटोत वर्षाला तीन हात आले आणि डोकं आलंच नाही. मागे कोपऱ्यातला पाण्याचा माठ मात्र असा स्वच्छ आला की त्याची केसाएवढी चीर दिसली. महिनाभराच्या सरावानंतर माझ्यापाशी माठाचे शेकड्याने उत्तम फोटो जमा झाले. घरादाराने मला हात जोडले. आणि नेमकं तेव्हाच मोठ्या आईचा पाय मोडला.

मोठी आई म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घरच्या महालक्ष्म्या तिच्या हातच्या. पन्नास वर्षं अमरावतीच्या घरात तिने त्या बसवल्या, सोळा भाज्या रांधल्या, आणि कढीत मीठ कमी पडलं तर ते वासावरून ओळखलं. त्या साली ती अकोल्याला लेकीकडे गेली, न्हाणीघरात घसरली आणि तिथंच पलंगाला खिळली. महालक्ष्म्या आल्या माझ्या दादाच्या बायकोवर, म्हणजे सुनंदावहिनीवर.

मोठ्या आईने फोनवरून हुकूम सोडला. "सुनंदे, सारं सांगतलं तसंच करजो. दिवेलागणीले नैवेद्य दाखवा, दार लोटा, अन् एक माळ जप होईलोक कोनी आत पाय नाई टाकाचा. देवी जेवते तवा मानूस नोको तिथं. अन् थ्या विल्याले सांग, मले फोटो पायजे. समयीच्याच उजेडातला. झपकन् उजेड मारन तं याद राख मनावं. जेवत्या बाईच्या डोयात कोनी बॅटरी मारते काय?"

विल्या म्हणजे मी.

पुढे ती म्हणाली, "मले फोटोत सारं बराबर दिसलं तं ठीक. नाई तं पुढच्या सालपासून मुखवटे अकोल्याले मायापाशी."

झालं. वहिनीचं तोंड उतरलं. बावीस वर्षं मोठ्या आईच्या हाताखाली राबून पहिल्यांदा परीक्षा, आणि पेपर नेणार मी! वहिनी चार दिवस माझ्याशी अशा बोलत होत्या जशी माणसं ऑपरेशनआधी डॉक्टरशी बोलतात.

"भाऊजी, फोटो येईन ना?"

"येईल वहिनी."

"मानसाईचा नाई, महालक्ष्म्याईचा. त्या तं हालत नाईत."

"म्हणूनच येईल," मी म्हणालो. महालक्ष्म्या आणि माठ, माझ्या दृष्टीने एकाच जातीचे. तीन पायांचं स्टँड, आयएसओ चारशे, शटर तीस सेकंद. वहीत तीनदा अधोरेखित केलं.

तो दिवस उजाडला. देवघरात सोवळ्याशिवाय प्रवेश नव्हता, म्हणून मी दादाचं पिवळं रेशमी पितांबर नेसलो आणि त्याचाच पदर अंगावर घेतला. (दादा माझ्याहून सडपातळ आहे. पितांबर मला पुरलं, एवढंच म्हणू.) सकाळपासून निरंकार उपास. वहिनींनी ज्येष्ठा-कनिष्ठेसमोर ताटं मांडली: पुरणपोळ्या, आंबील, कढी, सोळा भाज्या आणि प्रत्येक ताटात पाच-पाच वडे. नैवेद्य दाखवला. मोठे दिवे बंद केले. समया तेवढ्या राहिल्या.

"चला, चला, बाहेर व्हा सारे," दादा माळ घेऊन निघाला. "विलास, तू बटन दाबून लगेच बाहेर ये."

सगळे गेले. मी बटण दाबलं. दहा सेकंदांनी शटर उघडतं का ते पाहायला थांबलो. पुढचा लाल दिवा दहा वेळा लुकलुकला, 'खट्' झालं आणि कॅमेऱ्याचा पडदा काळाठिक्कर पडला.

आता वहीत लिहिलं होतं की शटर उघडं असेपर्यंत पडदा काळाच राहतो. पण वही होती बाहेर, काढून ठेवलेल्या शर्टाशेजारी. मला वाटलं, बॅटरी गेली. बावीस वर्षांची वहिनीची तपश्चर्या गेली. मुखवटे अकोल्याला गेले. मी घाबरून पुढे गेलो आणि भिंगात डोकावलो. भिंगात मीच दिसलो. मागे सरलो तो ज्येष्ठेच्या ताटापाशी येऊन थांबलो.

आणि तिथं ते वडे होते.

मी देवीची शपथ घेऊन सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. जे होतं ते पोटात होतं, म्हणजे काहीच नव्हतं, हीच तर अडचण. मी वाकलो. निदान पंधरा सेकंद वाकूनच उभा राहिलो, कारण सदसद्विवेकबुद्धी माझ्यातही आहे, तिलाही बोलायला वेळ द्यावा लागतो. तिचं बोलून झाल्यावर मी एक वडा उचलला.

'खट्.'

कॅमेरा आपोआप शुद्धीवर आला असं समजून मी वडा तोंडात कोंबून बाहेर पडलो, दार लोटलं.

"झाला फोटो?" वहिनींनी विचारलं.

"हं," मी म्हणालो. त्याहून लांब शब्द उच्चारण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

माळ संपली. सगळे आत गेलो. वहिनी ज्येष्ठेच्या ताटाकडे पाहत थबकल्या.

"पाच ठेवले होते म्या," त्या हळूच म्हणाल्या.

शेजारच्या इंगोलेकाकू दर्शनाला आल्या होत्या. त्यांनी वाकून वडे मोजले. चार. दुसऱ्यांदा मोजले. चारच.

"उंदीर असन," मी म्हणालो.

"उंदीर एक वडा घेऊन पुरनपोयी कायले सोडन?" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दादाने कॅमेरा उचलला. "आला ना फोटो! मस्त आला." आणि मग त्याचा आवाज बसला. "हे काय आहे?"

फोटो खरंच मस्त आला होता. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. मुखवट्यांवरचं सोनेरी तेज, ताटातली वाफ, सगळं जागच्या जागी. आणि ज्येष्ठेच्या ताटावर एक आकृती वाकलेली होती. पिवळ्या रेशमातली. आरपार. तिच्या अंगातून मागचा झेंडूचा हार दिसत होता. चेहरा ओळखू येत नव्हता, पण डोक्याभोवती लख्ख प्रभावळ होती. (तीस सेकंदांतले पंधराच मी न हलता उभा होतो, म्हणून अर्धाच उमटलो; आणि समयीचा उजेड माझ्या टकलावर पडला होता.)

इंगोलेकाकूंनी पदर डोक्यावर घेतला. "आली व माय! जेवाले आली. पाय कशी तेजाची हाय."

"जराशी भरल्या अंगाची आहे," दादा म्हणाला.

"थोरली होय ना थे. थोरल्या अशाच राह्यते." काकूंनी फोटोचा फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि साऱ्या गल्लीला सांगायला गेल्या.

वर्षा फोटोकडे बघत होती. मग तिने माझ्या पोटाकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या पितांबराले इस्त्री मीच केलती."

आता बोलावं तर पंचाईत. देवीआधी घरातल्याच माणसाने ताट उष्टावलं म्हटल्यावर वहिनी नापास, मुखवटे अकोल्याला. न बोलावं तर गल्लीत आरतीची तयारी सुरू झालेली. मी विचार करतोय तोवर दादाने फोटो घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. (आमचा दादा आधी पाठवतो, मग वाचतो.)

दोन मिनिटांत फोन वाजला. मोठी आई.

"विल्याले दे. अन् त्याले म्हना, आंगनात जाय."

मी अंगणात गेलो.

"एकटा हाय काय?"

"हो."

"ज्येष्ठेनं मनगटावर घड्याय कवापासून बांधाले सुरू केलं रे?"

मी मनगटाकडे पाहिलं. सोवळ्यात सगळं उतरवलं होतं, घड्याळ राहिलं होतं.

"मोठी आई, ते उजेडाचं असं असतं की..."

"उजेडाचं मले नोको शिकवू. तुयी बिनकेसाची टायू मी तू पायन्यात होता तवापासून ओयखतो. तवाबी अशीच होती." मग तिने आवाज खाली आणला. "वडा कसा होता?"

"म्हणजे?"

"खाल्ला ना? मंग सांग. आंबट तं नव्हता?"

"नाही."

"कच्चा?"

"अजिबात नाही. वरून कुरकुरीत, आतून मऊ."

"मीठ?"

"बरोबर. तुझ्या हातचा असतो तसाच." हे मी माझी कातडी वाचवायला म्हणालो नाही. खरंच तसा होता.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोटोत सारं दिसलं रे बाबू. मांडनी दिसली, समया दिसल्या. चव नाई दिसत. मले आठ दिवसापासून त्याचाच घोर होता." मग आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "आता आत जाय अन् सुनंदेले खरं सांग. मंग ताजं ताट वाढाले लाव, पुन्हा नैवेद्य दाखवा. आपल्या भुकेचं बिल देवीच्या नावानं फाडू नोको. अन् मुखवटे तिथंच राहू द्या. या साली अन् पुढंबी."

मी आत गेलो. वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. मी आधी निकाल सांगितला, मग गुन्हा. (क्रम महत्त्वाचा.) "वहिनी, फोटोतली ती बाई मी आहे."

"मले ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "बाहेर आले तवा तोंड हालून राह्यलं होतं तुमचं."

"मग तेव्हाच बोलल्या काहून नाहीत?"

"निकाल लागाचा होता ना," त्या म्हणाल्या, आणि नवं ताट घ्यायला वळल्या. वळता वळता विचारलं, "कुरकुरीत होता म्हनता?"

दुसऱ्यांदा नैवेद्य दाखवला तेव्हा मला अंगणात खुर्चीवर बसवून वर्षाला राखण ठेवलं होतं. कॅमेरा तिच्या मांडीवर होता.

राहता राहिल्या इंगोलेकाकू. त्यांना खरं कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात चार वर्षं एकमत झालेलं नाही. (त्यांना वाचताना चष्मा लागतो आणि तो त्यांना सापडत नाही, म्हणून हे निर्धास्त लिहितो आहे.) काकूंनी तो फोटो मोठा करून चौकटीत बसवला आहे. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी त्या आम्हाला सगळ्यांना बोलावतात, फोटोला झेंडूचा हार घालतात आणि समोर वडे ठेवतात, कारण थोरलीला वडे आवडतात. आम्ही ओळीने हात जोडतो. वर्षा सगळ्यात भक्तिभावाने जोडते. मग काकू तेच ताट माझ्यापुढे करतात आणि मी मुकाट्याने खातो.

फोटोला हार पडल्यावरही समोर बसून वडे खाणारा माणूस अख्ख्या अमरावतीत मी एकटाच असेन.