खालचा बांध

माझा थोरला चुलत भाऊ माझ्या खाचराचं पाणी तोडतो, म्हणून आमचं बोलणं बंद आहे, असं आमच्या गावात अजूनही कुणी कुणी सांगतं. ही गोष्ट गावात मीच पसरवली. एसटीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, कापूरहोळच्या गॅरेजात गाडीखाली पडल्या पडल्याही सांगितली. ती खोटी होती. ज्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली, त्यांतले बरेच आता गेले. उरलेल्यांसाठी खरं काय ते लिहून ठेवतो.

वेल्ह्याच्या खोऱ्यात आमची भातखाचरं एकाखाली एक आहेत. वरचं या चुलत भावाचं, म्हणजे दादाचं, त्याखालचं माझं आणि माझ्याखाली ओढा. दादाचं खाचर भरलं की जास्तीचं पाणी बांधाच्या तोंडातून माझ्यात उतरतं. लावणीनंतर पावसानं उघडीप दिली की दादाचं खाचर काठोकाठ असायचं आणि संध्याकाळी पाणी असलेल्या माझ्या खाचरात सकाळी नुसता चिखल. वर आहे, खाली नाही, म्हणजे मधे दादाचा हात. इतकं सोपं होतं ते मला. एका सकाळी डेअरीवर दूध घालायला जमलेल्या लोकांसमोर मी त्याला पाणीचोर म्हणालो. त्यानं हातातली किटली खाली ठेवली.

"म्या चोरतो व्हय तुझं पाणी? बरं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पुढं त्याच्या पोरीच्या, माझ्या पुतणीच्या, लग्नाची पत्रिका त्यानं रीतसर पाठवली. मी गेलो नाही. अक्षता पडत होत्या तेव्हा मी एका टेम्पोची क्लच प्लेट बदलत होतो, आणि ती काही त्याच दिवशी बदलायला हवी होती असं नव्हतं.

खरं तर गळती शोधणं हा माझा धंदाच. गाडी पळताना वारा ऑइल मागं नेतो, त्यामुळं थेंब एकीकडं दिसतो आणि गळत असतं भलतीकडं. आमचे वस्ताद आधी सगळं पुसून घ्यायला लावत आणि मग थेंबापासून उलटं वर चढायला सांगत. तरीही सापडलं नाही, की म्हणत, "आता आसं समज, ही गाडी तुला बिघडवायचीच हाय. कुठं हात घालशील? तितं बघ." काय बिघडलं असं विचारलं की मन आधीच ठरवलेल्या जागी जातं. कसं बिघडवता येईल असं विचारलं की ते सगळीकडं फिरतं. या एका प्रश्नावर मी जन्मभर भाकरी खाल्ली. तो प्रश्न गॅरेजच्या बाहेर कधी नेला नाही.

गेल्या पावसाळ्यात खाचर पुन्हा आटलं. मी पडवीत बसून दादाच्या नावानं बडबडत होतो. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी गळली की गाडीखाली झोपता. खाचर गळलं की दादांच्या दाराकडं बघता. लई भारी मिस्त्री!"

मी चिडून उठलो आणि बांधावर जाऊन बसलो. बसल्या बसल्या वस्तादांचा प्रश्न आठवला. हे खाचर मलाच रिकामं करायचं असतं तर? वरचं तोंड बंद करून काय झालं असतं? नवीन पाणी आलं नसतं, पण साठलेलं एका रात्रीत कुठं जाईल? मला खालचा बांध फोडावा लागला असता. आणि इतक्या वर्षांत मी प्रत्येक वेळी वरच्या बांधावर जाऊन उभा राहिलो होतो.

ओढ्यात उतरून खालच्या बाजूनं बांध पाहिला. एका जागी गवतातून पाणी झिरपत होतं. तिथून सरळ वर येऊन, खाचराच्या आतल्या कडेला पायानं चिखल ढवळला. खाली गेलो तर झिरपणारं पाणी त्या चिखलानं लाल झालेलं. खेकड्याचं बीळ होतं. ती जागा मला पाठ होती. खेकड्याचं कालवण माझ्या जिवाचं. दर पावसाळ्यात तिथंच पहारीनं बीळ उकरायचो, खेकडा काढायचो आणि वरून चिखलाचा गोळा थापून घरी जायचो. आत बोगदा तसाच राहायचा. माझा बांध मीच खात आलो होतो.

सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दादा चोर नव्हता. पण आता त्याच्याकडं जायचं होतं. पुन्हा उलटाच विचार केला. त्यानं मरेपर्यंत माझ्याशी बोलू नये असं मलाच हवं असेल तर मी काय करीन? मधे माणूस घालीन. "दोघांचंही चुकलं" म्हणीन. गावात शिवी देऊन माफी मात्र त्याच्या घरात कोपऱ्यात मागीन. यातलं काही करायचं नाही, एवढं ठरलं.

सकाळी डेअरीवर, सगळ्यांसमोर, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, "दादा, पाणी तुमी कधीच तोडलं न्हाई. म्या खेकडं काढून बांध पोकळ केला. चोर म्हनलो, ते माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. दादा किटलीचं झाकण लावत राहिला.

"इतकी वर्सं खेकडं खाल्लंस?"

"व्हय."

"येकट्यानं?"

"व्हय, दादा."

"आन् नाव माझं!" तो लोकांकडं वळून म्हणाला, आणि मग सगळेच हसले. मी हसताना डोळे पुसत होतो.

दुपारी दादा फावडं घेऊन स्वतःच खालच्या बांधावर आला. आम्ही बीळ पार आतपर्यंत खणलं आणि चिकणमाती घालून पायांनी तुडवलं. दुसऱ्या दिवशी खाचरात पाणी उभं होतं. त्याच्याकडं बघत दादा बांधावर टेकला.

"उंद्याच्याला कालवण करायला सांग घरी," तो म्हणाला. "खेकडं वढ्यातलं आण. बांधाला हात लावलास तर बघ."