एकच शेक

आमच्या मोहाडीत रेडिएशनला रेडिएशन कोणी म्हणत नाही. शेक म्हणतात. अन् शेकाचा हिशेब सगळ्यांना पाठ: जेवढे शेक जास्त, तेवढा रोग मोठा. शेजारच्या काकूंना गळ्याच्या कॅन्सरसाठी तीसच्या वर शेक लागले. नागपूरला खोली करून राहिल्या, बऱ्या होऊन आल्या. म्हणून माझ्या बाबांना एकच शेक सांगितला, तेव्हा आमच्या घरी दिवाळीच झाली.

मी तेव्हा नागपूरच्या त्याच हॉस्पिटलात मेडिकल फिजिक्सची इंटर्नशिप करत होते. गावाच्या लेखी मी मशीनवाली डॉक्टरीण. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. किरणांचा डोस डॉक्टर ठरवतात. तो नेमका तेवढाच अन् नेमका तिथंच पडेल, याचा हिशेब आम्ही करतो. सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन किती किरण सोडते ते मोजायचं, आकडा जुळला तरच पहिल्या पेशंटला आत घ्यायचं. या कामाचा मला भारी गर्व होता. आकडा हलला की मी सरांशीसुद्धा भांडायची.

बाबांची पाठ दुखायची. जन्म हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून कोसा रेशीम विणण्यात गेलेला, पाठ नाही दुखणार तर काय होईल, असं आम्ही सगळेच म्हणायचो. मीसुद्धा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांना आडवं होणंही जमेना, तेव्हा मी ओढून नागपूरला आणलं. रोग फुप्फुसातून निघून मणक्यात शिरला होता.

फाईल आमच्या खोलीत आली. मणक्याला एकच शेक, मोठा, असं डॉक्टरांनी लिहिलेलं. काकूंना दिले ते तीस शेक रोग मारायचे होते. आजूबाजूचं चांगलं मांस जपत थोडं थोडं द्यायचं, म्हणून इतके दिवस. असा एकच शेक लिहितात, तेव्हा रोगापुढे हात टेकलेले असतात. तो फक्त दुखणं उतरवायला. सर म्हणाले, हे मी बघतो, तू जा. मी ऐकलं नाही. हिशेब मीच तपासला. मेला तो आकडा, अगदी बरोबर निघाला. डॉक्टरांनी मायला दुखणं थांबेल एवढं सांगितलं, अन् बाकीचं तुझ्याच तोंडून बरं म्हणून माझ्यावर सोडलं.

दुखणं खरंच थांबलं. थोड्याच दिवसांत बाबा पुन्हा मागावर बसले. मायनं देवीला नवस बोलला होता, तो फेडायला जेवण घातलं. मी घरी पोचले तर अंगणात पाहुणेच पाहुणे. बाबा मागावरून सगळ्यांना सांगत होते, शेजारनीले तीस लागले, मले एकच, माझी पोरगी हाय ना मशीनवर. सांगायचे अन् मोठ्यानं हसायचे, मग पुन्हा धोटा फेकायचे. ते हसणं मला बघवेना. इतका राग आला मला, अन् कोणाचा ते आजही सांगता येत नाही.

आत माय पुऱ्या तळत होती. मी दार लोटलं अन् सगळं सांगून टाकलं. एका शेकाचा अर्थ काय, फुप्फुसात काय आहे, बाबा आता किती थोडे दिवस आहेत. तिनं झारा तसाच धरून ठेवला. कढईतली पुरी काळी पडली.

“मंग अजून एक दे ना,” ती म्हणाली. “रोज तूच पाहते ना ते मशीन?”

मी तिला समजावलं. शेक म्हणजे ताटात अजून एक पुरी वाढणं नव्हे. जास्त दिला तर मणक्यातली नस जळते, पाय जातात, अन् रोग तरी जात नाहीच. तोंडी परीक्षेत द्यावं तसं नीट उत्तर दिलं मी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मायनं कढईखालची आच बारीक केली.

“मंग तू एवढी शिकली कायले वं बाई?”

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

बाहेरून बाबांनी हाक मारली, पाहुणे बसून राहिले म्हणून. मायनं काळी पुरी बाजूला काढली, पदरानं तोंड पुसलं, टोपलं उचललं अन् बाहेर गेली. कोण्या पाहुणीनं काही विचारलं. मग मायचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

“हो ना वं. एकच शेक लागला.”