काकूंना लेकीलाच मत देता आलं नाही

मंडळी, अजून डोकं शांत झालेलं नाही.

आज आमच्या गावी, पार्सिपनीत, प्रायमरी होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान. शेजारच्या सुनंदाकाकूंची ऋचा टाउन कौन्सिलसाठी उभी आहे, आणि लढत अगदी अटीतटीची. ऑफिस सुटल्यावर काका-काकूंना मीच ड्राइव्ह करून घेऊन गेले.

मतदान केंद्रात टेबलामागच्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "तुम्ही दोघं दुसऱ्या पक्षात रजिस्टर्ड आहात. या पक्षाची मतपत्रिका मिळणार नाही. बदलायची मुदतही संपली."

"अहो, माझी मुलगी उभी आहे!" काकू मराठीतच ओरडल्या.

ऋचानं गावभर दारं वाजवली होती. स्वतःच्या घरी कोण कुठल्या पक्षात आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

काका पुटपुटले, "सिटिझनशिप मिळाली तेव्हा दोघांचे फॉर्म मीच भरले. माझा पक्ष तोच तुझाही टाकला."

तेवढ्यात ऋचाचा फोन. "आई, डिड यू व्होट?"

काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा तिला."

गाडीत मी म्हटलं, "काकू, नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीत कुणालाही मत देता येतं."

"आणि ती आजच हरली तर?"



मैत्रिणींनो, तुमच्या नावापुढे कुठला पक्ष आहे? आणि तो टाकला कुणी?